कॅपाडोकियाला निघालात? मग बलूनच्या आधी गुडघ्यांचं बघा

तुर्कीत कॅपाडोकियाला जायचं ठरलं की घरात पहिला विषय निघतो तो गरम हवेच्या बलूनमधून उडण्याचा, पण मी सांगेन तयारी जमिनीखालच्या शहरांपासून सुरू करा, कारण खरा कस तिथेच लागतो. त्यातलं देरिनकुयू साधारण 85 मीटर खोल आहे, कोरलेल्या अरुंद जिन्यांनी उतरायचं आणि तसंच वर यायचं, काही बोगदे इतके बुटके की कमरेत वाकूनच चालावं लागतं, त्यात मागून दुसरा ग्रुप आलेला असतो म्हणजे मध्येच मागे फिरायची सोय नाही. म्हणून महिनाभर आधीपासून रोज चार मजले चढ-उतार करा, आणि बरोबरच्यांपैकी कुणाला दमा, बीपी, गुडघेदुखी असेल किंवा बंद जागेत जीव घुसमटत असेल तर घरीच स्पष्ट विचारून घ्या. कायमाक्ली या दुसऱ्या भूमिगत शहरात चारच मजले उघडे आहेत, खोली कमी, पण बोगदे तिथेही बुटकेच. आणि हो, तिथली 'ग्रीन टूर' बहुतेक वेळा भूमिगत शहर आणि इहलारा दरी एकाच दिवशी उरकते, दरीत उतरायला जवळपास 400 पायऱ्या आहेत, त्यामुळे आई-बाबा बरोबर असतील तर सरळ टॅक्सी करून दोन दिवसांत विभागा.

आत मोठी सॅक नकोच, भिंतींना घासत राहते. छोटी पिशवी, पाणी, पातळ जॅकेट (भर उन्हाळ्यातही खाली गार असतं) आणि छोटा टॉर्च. दिवे आहेत, पण कोपरे अंधारेच, आणि बघण्यासारखं तिथेच असतं. दाराशी जात्यासारखा गोल दगड भिंतीच्या खाचेत उभा दिसेल, त्याच्यापाशी जरा थांबा, मधल्या भोकात टॉर्च मारा. शत्रू आला की आतली माणसं तो लोटून वाट बंद करायची, बाहेरून हलवणं जवळपास अशक्य. गुरं बांधायची जागा, स्वयंपाकघर, चर्च, हवेसाठी खोल विहिरीसारखे झरोके, सगळं हाताने खोदलेलं. मला विचाराल तर बलूनचं तिकीट नाही मिळालं तरी चालेल पण हे चुकवू नका.

बुटांवर कंजुषी नको. एर्जियेस, हसनदाग वगैरे ज्वालामुखींची राख साचून तिथला दगड झालाय, आपल्या वेरूळच्या बसाल्टपेक्षा कितीतरी मऊ, म्हणून तर घरं कोरता आली, पण त्याचाच भुगा पायवाटेवर पसरलेला असतो आणि गुळगुळीत तळव्याचा बूट उतारावर हमखास सरकतो. रोझ व्हॅलीत सूर्यास्त बघणार असाल तर परतीला टॉर्च लागेलच.

बलून पहिल्याच सकाळचा बुक करा, कारण वारा असला की उड्डाणाला परवानगीच मिळत नाही, आणि पुढच्या सकाळी मोकळ्या असल्या तर दुसरा चान्स राहतो, शेवटच्या दिवसावर ठेवलंत तर संपलं. रिफंडचे नियम आधी वाचा, पहाटे अंधारात गाडी न्यायला येते तेव्हा थंडी चांगलीच असते, हा भाग 1000 मीटरच्या वर आहे, हिवाळ्यात बर्फ पडतो.

गोरेमे गावाजवळचं ओपन एअर म्युझियम, म्हणजे खडकात कोरलेली जुनी चर्च, उघडल्या उघडल्या गाठा, नंतर बसेस येतात. त्यातल्या 'काळोख्या चर्च'चं (डार्क चर्च) तिकीट वेगळं असतं, ते काढाच, आत उजेड कमी पोचल्यामुळे भिंतीवरच्या चित्रांचे रंग अजून टिकलेत. चर्चमध्ये फोटो काढू देत नाहीत, मोबाइल खिशातच ठेवा.

बाकी, भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा सरसकट मिळत नाही, अमेरिका, युके, शेंगेन असा एखादा चालू व्हिसा लागतो, नाहीतर रीतसर अर्ज करावा लागतो, त्यामुळे विमानाच्या तिकिटाआधी अधिकृत साइट बघा. विमानतळ दोन, नेवशेहिर जवळचा, कायसेरी लांब. गुहेतली खोली घेताना खिडकी आहे का आणि वर चढायला किती पायऱ्या आहेत ते विचारा. शाकाहारी असाल तर मसुराचं सूप आणि चीज किंवा पालक भरलेलं गोझलेमे (पातळ भाजलेली पोळी) मिळतं, पण सूप मटणाच्या पाण्यात केलेलं असू शकतं, दर वेळी विचारून घ्या, आणि दाण्याची चटणी बॅगेत असू द्या.