वनदाव्यात बाईचं नाव पहिल्याच रकान्यात लिहा

बायांनो, नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडच्या पाड्यांवर वनदाव्याचा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क मागायचा फॉर्म भरायला घरातला दादाच जातो. शेत निंदतो आपण, कागदावर नाव मात्र त्याचं. मी आमच्या पाड्याच्या वनहक्क समितीत, म्हणजे दावे घेऊन तपासणाऱ्या समितीत आहे. समितीत १० ते १५ जण असतात आणि त्यात एक तृतीयांश बाया लागतातच, त्यामुळे आम्हाला कोणी उपकार म्हणून बसवलेलं नाही.

आधी तारीख बघा. माणसं ऊसतोडीला गुजरातेत असताना दाव्यांची ग्रामसभा लावू देऊ नका. भोंगऱ्या बाजार आणि होळीला पाडा भरतो, सभा तेव्हाच मागा, तीही दुपारी. संध्याकाळी आपण चुलीपाशी. या सभेला निम्मे सदस्य हजर लागतात, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. कमी पडल्या की कोणीतरी म्हणतंच, 'सह्या नंतर घरोघर घेऊ.' तिथे अडून बसा. सभा पुढच्या तारखेला ढकलली तरी चालेल.

नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा व्हायला हवी, हेही ग्रामपंचायत कायद्यातच आहे. दाव्यांचा विषय तिथेच बोलून घ्या, म्हणजे मोठ्या सभेत सासऱ्या-जेठांसमोर तोंड उघडायला बळ येतं.

आता फॉर्म. पहिला रकाना दावेदाराचा, दुसरा जोडीदाराचा. बाईला दुसऱ्यात टाकून मोकळे होतात. पहिल्यातच दोघांची नावं लिहायला लावा. २००६ च्या वनहक्क कायद्यात पट्टा, म्हणजे जमिनीच्या हक्काचा कागद, नवरा-बायकोच्या संयुक्त नावावर द्यायचा असं कलम ४(४) सांगतं. एकटी बाई घर चालवत असेल तर तिच्या एकटीच्या नावावर. आपल्याकडे याचं मोल जास्त, कारण हिंदू वारसा कायदा आपल्यासारख्या अनुसूचित जमातींना आपोआप लागू नाही, त्यातून वाटा मागता येईलच असं नाही. उद्या दीर म्हणाला 'तुझं इथं काय', तर पट्टाच बोलेल.

पुरावे किमान दोन जोडा. कसणूक १३ डिसेंबर २००५ च्या आधीची दिसली पाहिजे. अर्ज दिला की समितीकडून पोच घ्या, तोंडी 'झालं' चालत नाही.

सभेत दाव्यांचा ठराव लिहून झाला की प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं लिहिलेलं कामकाज, मोठ्याने वाचायला सांगा, आपल्या पावरी बोलीत समजावूनही सांगू द्या, मगच अंगठा. आपलं नाव त्यात ऐकू आलं नाही तर तिथेच घालायला लावा. ठरावच विरोधात गेला तर ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे अर्ज करता येतो; त्यासाठी ठरावाची नक्कल त्याच दिवशी मागून ठेवा.