‘पिवळ्या खोलीचं रहस्य’ गावात वाचून दाखवायचं असेल तं असं करा

गास्ताँ लरूची ही फ्रेंच डिटेक्टिव्ह कादंबरी ज्याले आपल्या गावात दहा-पाच लोकांसमोर वाचून दाखवायची आहे त्याच्यासाठी हे लिहून राह्यलो. एकट्यानं मोबाईलवर वाचली तरी मजा येतेच, पण माझं स्पष्ट मत आहे की हे पुस्तक चौघांत बसून वाद घालत ऐकायचं आहे. १९०७ मध्ये ते पॅरिसच्या एका साप्ताहिकात हप्त्याहप्त्यानं छापून आलं होतं, म्हणजे लोक आठवडाभर डोकं खाजवत बसायचे अन् मग पुढचा भाग यायचा, आपणही तसंच करायचं.

पुस्तकासाठी पैसे लागत नाहीत. जुनं इंग्रजी भाषांतर प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या वेबसाईटवर फुकट आहे, एकदा डाउनलोड केलं की रेंज गेली तरी चालते. दुपारी उन्हाचं घरात बसावंच लागते तवा रात्रीची प्रकरणं आधी वाचून ठेवा अन् रात्री आपल्या बोलीत सांगा. इंग्रजी जुनाट आहे, वाक्यं लांबलचक, ओळ न् ओळ मराठीत करत बसलात तं माणसं उठून जातील. फक्त कोण कुठं उभा होता, कोणतं दार बंद होतं, किती वाजले होते यातलं काहीच गाळू नका, सगळी चावी त्यातच आहे. गोष्टीत एक प्रोफेसर आहे, त्याच्या पदार्थविज्ञानाच्या गोष्टी दोन वाक्यांत उरकल्या तरी चालते.

वेळ निवडायची तं गहू-हरभरा घरात आल्यावरची. एकूण २९ प्रकरणं आहेत, रोज दोन घेतली तरी पंधरा रात्री, मिरगाच्या आधी आरामात होते. पेरणी सुरू झाली की कोणी यायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नकाशा. पुस्तकात खोल्यांना नंबर देऊन पूर्ण माहिती दिली आहे पण नुसतं ऐकून ते डोक्यात बसत नाही, म्हणून अंगणात चुन्यानं आखा, माणूस उभा राहू शकेल एवढं मोठं. एक पिवळी खोली, तिले एकच दार अन् एकच खिडकी, खिडकीले गज. ते दार उघडते प्रयोगशाळेत, तिथं दोन मोठ्या खिडक्या, त्याईलेही गज. मग बाहेरचा छोटा व्हरांडा, त्याच्या खिडकीले मात्र गज नाहीत, हे ठळक आखा. बाजूले न्हाणी, वर माळ्यावर जायचा जिना, अन् पूर्ण इमारतीत धुराडं एकच, तेही प्रयोगशाळेत. आखून झालं की एकाले प्रोफेसर स्टँगर्सन करा, एकाले म्हातारा नोकर जाक बाबा, दोघायले प्रयोगशाळेत उभं करा. रात्री साडेबारा वाजता आतून प्रोफेसरची पोरगी मातिल्द ओरडते, गोळ्यांचा आवाज येतो, दार आतून बंद, हे दोघं दारासमोरच. दार तोडलं तं आत ती एकटी जखमी पडलेली, भिंतीवर रक्तानं माखलेल्या हाताचा ठसा, अन् मारणारा गायब. इथं थांबा. ऐकणाऱ्यायले स्वतः चुन्याच्या रेघांवरून फिरू द्या, गेला कुठून ते दाखवा म्हणा. पोट्टेही येतात अन् म्हातारेही, पलंगाखाली पाहिलं का, धुराड्यात पाहिलं का, सगळे प्रश्न इथंच निघतात अन् पुस्तकात प्रत्येकाचं उत्तर आहे.

नावांचा घोळ होतो म्हणून एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून टांगा: रुलताबीय हा अठरा वर्षांचा पेपरचा रिपोर्टर, सँक्लेर हा त्याचा वकील मित्र जो गोष्ट सांगतो, लार्सां हा नावाजलेला पोलीस डिटेक्टिव्ह, दार्झाक हा मातिल्दचा होणारा नवरा. एक गोष्ट आधीच समजावून सांगा, आपल्याकडं तपास ठाणेदार करतो, तिथं मॅजिस्ट्रेट स्वतः घटनास्थळी येऊन साक्षी घेते. हे सांगितलं नाही तं जज इथं कायले आला म्हणून अर्धा घंटा त्यातच जाते.

दुसरा थांबा प्रोफेसरच्या वाड्यातल्या गॅलरीचा. चार जण वेगवेगळ्या बाजूनं धावत येतात, मधात सापडलेला माणूस नाहीसा होते. त्या रात्री पुढं बिलकुल वाचू नका, कोणी कितीही म्हटलं तरी. सगळ्यायकडून चिठ्ठीवर संशयिताचं नाव अन् कारण लिहून घ्या, डब्यात टाका, डबा ज्याच्या घरी मोबाईलवाले पोट्टे नाहीत त्याच्याकडं ठेवा. लिहिता येत नाही त्याच्या कानाजवळ जाऊन विचारून तुम्ही लिहा, आमच्याकडं सगळ्यात पक्कं कारण अशाच एका आजीनं दिलं होतं.

कोर्टाचा भाग एकाच बैठकीत संपवा, मधात तोडला तं रंग जाते, त्या रात्री जेवणं लवकर करायले सांगा. उलगडा लांब आहे म्हणून दोन भागांत सांगा, आधी खोलीचं गणित चुन्याच्या रेघांवर चालून दाखवा, मग मातिल्द इतके दिवस गप्प का राह्यली ते. चिठ्ठ्या त्याच्यानंतर उघडा. याच्यापुढचं पुस्तक आहे ‘काळ्या वेशातल्या बाईचा सुगंध’, ते कोणाले आधी वाचायले देऊ नका कारण त्यात पहिल्याचा गुन्हेगार उघड होते.