पंचाहत्तरीच्या माणसाला त्याच्या जुन्या मुंबईत जेवायला कसं न्यावं

घरातल्या मोठ्या माणसाची पंचाहत्तरी जवळ आली की चहूबाजूंनी सल्ले येतात. हॉल बघा, केटरर ठरवा, जुन्या फोटोंचा बॅनर करा आणि मुख्य म्हणजे त्यांना काही कळू देऊ नका. आईवडील, सासूबाई, आत्या, शेजारच्या काकू अशा बऱ्याच जणांना मी अशा निमित्ताने बाहेर नेलं आहे आणि या सल्ल्यांचा मला आता कंटाळा आला आहे. हॉलमध्ये सत्कारमूर्ती तीन तास खुर्चीवर बसून नमस्कार घेते आणि घरी येऊन दहीभात खाते. त्याऐवजी ज्या भागात तिचं तरुणपण गेलं, तिथे पाच-सहा जणांनी मिळून तिच्या आवडीचं खायला जावं. खर्च कमी होतो, पण आखणी जास्त लागते.

आधी सांगून टाका

सरप्राइज देऊ नका. या वयात गोळ्यांच्या वेळा असतात, सकाळचं आवरायला वेळ लागतो, साडी इस्त्रीला टाकायची असते, कवळी त्रास देत असेल तर दाखवून घ्यायची असते. दोन आठवडे आधी सांगितलं की ते दोन आठवडेही आनंदात जातात. बहिणीला फोन होतो, "मुलं मला गिरगावात नेतायत" असं जिन्यात भेटेल त्याला सांगितलं जातं. हे सुख तुम्ही का काढून घेता?

वाढदिवसाच्या तारखेचाही हट्ट नको. ओवाळणं त्या दिवशी करा, बाहेर मात्र मधल्या वारी जा. कालनिर्णय बघून संकष्टी आणि एकादशी टाळा. त्या दिवशी एक तर त्यांचाच उपास निघतो, नाहीतर साबुदाणा वड्यासाठी सगळं दादर रांगेत असतं.

काय खायचं आहे हे काढून घ्या

"कुठे जायचं?" असं विचारलंत तर "कुठेही, तुम्ही म्हणाल तिथे" हेच उत्तर येणार. या पिढीला स्वतःसाठी काही मागायची सवय नाही. म्हणून आठवण विचारा. पहिल्या पगारात काय खाल्लं होतं? लग्न ठरल्यावर दोघं कुठे भेटायचात? ऑफिस सुटल्यावर बसची वाट बघताना काय घ्यायचात? शाळेत असताना ट्राममध्ये बसला होतात का? मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला गेली. आज पंचाहत्तरीला आलेली माणसं तेव्हा शाळेत होती, त्यामुळे या प्रश्नावर बहुतेक जण खुलतात आणि बोलता बोलता एखादं हॉटेल, एखादा पदार्थ बाहेर पडतोच.

कधी कधी उत्तर हॉटेल नसतंच. लालबाग-परळमध्ये वाढलेल्या माणसाला खाणावळीचं जेवण आठवतं. गिरणी कामगारांना घरून जेवण घालणाऱ्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, त्या काळातल्या त्या जेवणाची ही आठवण असते. ती चव हॉटेलात शोधत हिंडू नका. कालवण आणि भाकरी घरी करा आणि दुपारी त्यांना नुसतं त्यांच्या जुन्या गल्लीत फिरवून आणा.

एकच भाग ठरवा

सकाळी दादर, दुपारी फोर्ट, संध्याकाळी चौपाटी असा बेत करणाऱ्याला म्हाताऱ्या गुडघ्यांची कल्पना नसते. एक भाग, एक खाणं, एक बसायची जागा. बस्स.

दादरचा माणूस असेल तर मामा काणे, प्रकाश, आस्वाद यांपैकी जे त्याच्या तोंडून येईल ते. गिरगावचा असेल तर विनय हेल्थ होम. फोर्टात नोकरी झाली असेल तर धोबी तलावाचं कयानी, जे १९०४ पासून आहे. माटुंग्याचा असेल तर रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२ पासून केळीच्या पानावर जेवण वाढणारं. पण ते पहिल्या मजल्यावर आहे हे लक्षात ठेवा. जिना चढवत नसेल तर माटुंग्यातच खालच्या मजल्यावर चालणारी दुसरी दाक्षिणात्य हॉटेलं आहेत.

जागा अजून चालू आहे ना, हे स्वतः जाऊन बघा. खोताच्या वाडीतलं अनंताश्रम बंद होऊन बरीच वर्षं झाली, तरी गिरगावकर मंडळी अजून तिथल्या माशांच्या जेवणाचं नाव काढतात. अशा वेळी त्यांना आधीच सांगा, की ते राहिलं नाही. वाडीत एक फेरी मारायची असेल तर मारू आणि जेवू दुसरीकडे. दाराशी नेऊन कुलूप दाखवण्यापेक्षा हे बरं.

जायचं टॅक्सीने. मेट्रोची ॲक्वा लाइन ऑक्टोबर २०२५ पासून आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावते, गिरगावलाही स्टेशन आहे, त्यामुळे उपनगरातून यायला तीही उत्तम. लिफ्ट कुठल्या फाटकाशी आहे तेवढं आधी पाहून ठेवा.

टेबल मिळवणं आणि टिकवणं

सगळा बेत इथे बिघडतो. मलाही हे जमायला बरीच वर्षं लागली, म्हणून सविस्तर सांगते.

अडचण साधी आहे. मुंबईतली जुनी उपाहारगृहं भरभर चालतात. माणूस येतो, वडा-मिसळ खातो, चहा पितो आणि पंधरा-वीस मिनिटांत उठतो. टेबलं लहान, अनोळखी माणसांबरोबर बसायची पद्धत, आगाऊ जागा राखून ठेवायची सोय बहुतेक ठिकाणी नाही. आणि तुमच्याबरोबरचं माणूस एक थालीपीठ पाऊण तास खाणार आहे. त्याला चावायला वेळ लागतो, मध्येच जुनं काही आठवतं, घास हातात राहतो. गर्दीच्या वेळी गेलात तर खुर्चीच्या मागे पुढचं गिऱ्हाईक येऊन उभं राहतं. काही बोलत नाही, नुसतं उभं राहतं. म्हाताऱ्या माणसाला ते लगेच कळतं आणि ते अर्धं टाकून "चला, झालं माझं" म्हणून उठतं. एवढी आखणी करून हातात येतं ते इतकंच.

म्हणून वेळ महत्त्वाची, बाकी सगळं नंतर. रविवार सकाळ पूर्ण वर्ज्य. मधल्या वारी सकाळी नाश्त्याची गर्दी ओसरल्यावर किंवा दुपारी साडेतीनच्या सुमारास जा, जेवणाची पंगत उठलेली असते आणि चहाची आलेली नसते. "दुपारी साडेतीनला कोण जेवतं?" असं घरातलं कोणीतरी म्हणेलच. त्याला सांगा, घरून हलकं खाऊन निघायचं आणि तिथे फक्त तो एक पदार्थ निवांत खायचा. काही ठिकाणी दुपारी स्वयंपाकघर बंद असतं, तेव्हा आदल्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळेला स्वतः एक चक्कर मारा. फोनवर विचारून भागत नाही.

त्या चकरेत पाच गोष्टी बघा. दारात पायऱ्या किती आणि धरायला कठडा आहे का. पाठ असलेली खुर्ची आहे की नुसतं बाकडं. भिंतीकडचं, वेटरांच्या ये-जा करायच्या वाटेपासून लांबचं टेबल कुठलं. पंखा किंवा एसीचा झोत कुठे पडतो. आणि स्वच्छतागृह आहे का, असल्यास कसं आहे, खाली बसायचं की कमोडचं. ही शेवटची गोष्ट कोणी बघत नाही. मुंबईत दिवसभरासाठी बाहेर पडायचं म्हटलं की आपल्या आया-आज्या सकाळपासून पाणी पिणं बंद करतात, कारण जायची सोय कुठे असेल याची त्यांना खात्री नसते. मग दुपारी चक्कर येते आणि आपण उन्हाला दोष देतो. "तिथे स्वच्छ सोय आहे, मी बघून आले" हे वाक्य घरातून निघायच्या आधी त्यांना सांगा. त्या पाणी पितील.

गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाशीही त्याच वेळी बोला. "पुढच्या बुधवारी आईला घेऊन येतोय, पंचाहत्तर पूर्ण झाली, पूर्वी इथे यायची" एवढं पुरतं. जागा राखून ठेवू असं तो म्हणणार नाही, पण त्या दिवशी घाई करणार नाही. बहुतेक ठिकाणी मालक किंवा जुना वेटर स्वतःहून टेबलाशी येऊन चौकशी करतो.

माणसं किती न्यायची? जास्तीत जास्त सहा. दहा जण नेले की तीन टेबलांवर विभागले जातात आणि उत्सवमूर्ती कुठल्यातरी एका टेबलावर अडकते. आणि सहांत नातवंडं हवीतच. मुलगे, जावई एकत्र बसले की घरांचे भाव आणि ऑफिस सुरू होतं आणि मोठं माणूस मुकाट जेवतं. नातवंड शेजारी असलं की ते प्रश्न विचारतं. कोणत्या कानाने नीट ऐकू येतं ते पाहून नातवाला त्या बाजूला बसवा. भिंतीकडे पाठ द्या म्हणजे मागून आवाज येत नाही.

दोघांनी पुढे जाऊन टेबल धरायचं, बाकीच्यांनी दहा मिनिटांनी टॅक्सीने यायचं. वयस्कर माणसाला फुटपाथवर उभं करून ठेवायचं नाही, दोन मिनिटंसुद्धा नाही.

ऑर्डर त्यांना देऊ द्या. मेनू कार्डावरची अक्षरं बारीक असतील तर वाचून दाखवा, निवडून देऊ नका. "तेलकट आहे", "डॉक्टरांनी सांगितलंय ना", "तुला पचणार नाही" ही वाक्यं त्या टेबलावर नकोत. मधुमेह असेल तर त्याचा विचार आदल्या दिवशीच डॉक्टरांशी बोलून करा. श्रीखंड आणि ताकाचं पियूष गोड असतं, एक पेला मागवून तिघांत वाटला की चव मिळते आणि साखर आवरते. साबुदाणा वडा मागवलात तर तो आधी मोडून वाफ जाऊ द्या. बाहेरून निवल्यासारखा वाटतो आणि आतून चटका देतो. कवळी असेल तर डाळिंबीची उसळ, मऊ थालीपीठ आणि लोणी हे सोयीचं.

पहिल्या घासानंतर "पूर्वीसारखं राहिलं नाही" असं ते म्हणतील. बहुतेक जण म्हणतातच. इथे "अहो, छान तर आहे" म्हणून वाद घालू नका आणि ओशाळून दुसरं काही मागवूही नका. "पूर्वी कसं असायचं?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. पुढची वीस मिनिटं तुम्ही कधी न ऐकलेलं ऐकाल: बरोबर कोण असायचं, पैसे कोण द्यायचं, कोणाला चुकवून यायचं. त्यांना विचारून फोन रेकॉर्डिंगला लावून टेबलावर पालथा ठेवा. समोर धरून व्हिडिओ काढू लागलात तर बोलणं थांबतं. फोटो बाहेर आल्यावर, पाटीखाली.

आणि बिल त्यांना द्यायचं असेल तर देऊ द्या. हातातून पाकीट ओढून घेऊ नका.

जेवणानंतर

चालणं नको, बसणं हवं. दादरला असाल तर शिवाजी पार्कचा कट्टा. राणीची बाग नातवंडांना आवडते, पण ती बुधवारी बंद असते. दक्षिण मुंबईत असाल तर डबल डेकर. जुन्या लाल गाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या, आता एसीच्या इलेक्ट्रिक धावतात. पोरं वर, आजी खाली. चर्चगेटच्या के. रुस्तमचं दोन वेफरमधलं आइस्क्रीम जमलं तर घ्या. गर्दीची वेळ व्हायच्या आत घरी परता.

ओवाळणं

हे वाढदिवसाच्या दिवशी, घरी, संध्याकाळी. पाट मांडू नका, खुर्चीवर बसवा. पंच्याहत्तर दिवे लावायचे तर वाती दुपारीच तुपात भिजवा आणि दिवे दोन परातींत मांडा. एका परातीत सगळे ठेवले तर ती जड होते, आच तोंडावर येते आणि ओवाळणारीचे हात थरथरतात. पंखे बंद करा, पदर आणि ओढण्या खोचून घ्या, लहान मुलांना हाताशी धरा. सुपारी आणि सोन्याच्या अंगठीने आधी ओवाळा, मग निरांजनाने, शेवटी पराती. पराती उचलायला दोघी हव्यात. सुना, मुली, नाती, शेजारच्या काकू, सगळ्यांना ओवाळू द्या. नवरा गेलेल्या बहिणीला किंवा वहिनीला मागे उभं ठेवायची जुनी रीत तुमच्या घरात असेल तर ती या दिवशी मोडा आणि तिला सगळ्यांत आधी बोलवा.

सहस्रचंद्रदर्शन ८१ च्या सुमारास येतं. तेव्हा पुन्हा न्यायचं असेल तर कोणतं टेबल, कोणती वेळ आणि पायऱ्या किती, हे आत्ताच एका वहीत लिहून ठेवा.