बुलियन फ्लॅगांशिवाय ऑब्जेक्टची स्थिती कशी सांभाळावी

बडोद्यातील एखाद्या मराठी वाचनालयाच्या देवघेवीसाठी प्रोग्रॅम लिहायला घेतला, की पहिला क्लास बहुधा पुस्तकाच्या प्रतीचा असतो आणि त्यात ‘दिलेली_आहे’ नावाचा एक बुलियन फ्लॅग, म्हणजे फक्त खरे किंवा खोटे एवढेच सांगणारे क्षेत्र, येऊन बसतो. तो एकटा असतो तोवर त्याच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. पुढे बांधणीला गेलेल्या प्रती यादीत उपलब्ध दिसू लागतात म्हणून ‘बांधणीत_आहे’ येतो, वार्षिक मोजणीच्या वेळी ‘गहाळ_आहे’ येतो, मग ‘राखीव_आहे’, ‘मुदत_उलटली’ आणि शेवटी ‘बाद_आहे’. प्रत्येक फ्लॅग जोडताना त्याचे कारण रास्तच असते. परंतु सहा बुलियनांचे मिळून 64 संयोग होतात, आणि प्रत किती प्रकारच्या अवस्थांत असू शकते असे ग्रंथपालांना विचारले, तर त्यांची यादी एका हाताच्या बोटांच्या फारशी पुढे जात नाही. उरलेल्या संयोगांना काहीही अर्थ नसतो, तरीही कोड ते निर्माण होऊ देतो आणि कधीतरी ते निर्माण होतातच.

ते कसे होतात हे पाहण्यासाठी एकच प्रसंग पुरेसा आहे. एका सभासदाकडची प्रत बरेच महिने आली नाही म्हणून ती गहाळ नोंदवली गेली, आणि नंतर घर आवरताना ती सापडून सभासदाने आणून दिली. ‘परत_घे’ हे फंक्शन लिहिले गेले तेव्हा ‘गहाळ_आहे’ हा फ्लॅग अस्तित्वातच नव्हता, त्यामुळे ते केवळ ‘दिलेली_आहे’ खोटे करते. पुस्तक फडताळात उभे आहे आणि शोधयादी मात्र ते गहाळ असल्याचे सांगते. येथे कोणत्याही एका ओळीत चूक नाही. एकच वस्तुस्थिती सहा तुकड्यांत विभागून ठेवल्यामुळे प्रत्येक फंक्शनला सहाही तुकडे आठवणीने बदलावे लागतात, आणि त्या आठवणीवर कंपायलरचा पहारा नसतो.

संगणकापूर्वीच्या कार्ड पद्धतीत ही अडचण मुळातच उद्भवत नव्हती. सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी 1910 साली अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानाच्या ग्रंथालय व्यवस्थेची घडी बसवली, हे बडोदेकरांना सांगायला नको. जगभरच्या त्या काळातील ग्रंथालयांत देवघेवीसाठी ज्या कार्ड पद्धती रूढ झाल्या, त्यांपैकी एकीत प्रत्येक प्रतीचे एक कार्ड पुस्तकातील खिशात असे आणि पुस्तक देताना ते काढून, सभासदाच्या तिकिटात खोवून, परतीच्या तारखेच्या खणात ठेवले जाई. कार्ड एका वेळी एकाच जागी असू शकते. ते खणात असेल तर त्याच्यासोबत सभासद आणि तारीख ही माहिती असतेच, आणि ते पुस्तकात परत गेले की ती माहिती आपोआप सुटते. कोडमध्ये आपल्याला नेमके हेच दोन गुण हवे आहेत.

प्रत्यक्ष कामाला लागताना सर्व फ्लॅग उचलून एका एनममध्ये, म्हणजे ठरावीक नावांपैकी एका वेळी एकच मूल्य घेणाऱ्या प्रकारात, टाकण्याची घाई करू नये. आधी त्यांतील कोणते खरोखर प्रतीची स्थिती सांगतात, हे तपासावे. आपल्या उदाहरणात ‘मुदत_उलटली’ ही स्थितीच नाही; परतीची तारीख आणि आजची तारीख यांची तुलना केली की ती मिळते. ती साठवून ठेवली की रोज रात्री चालणारे एक जॉब लिहावे लागते, आणि ते जॉब एखाद्या रात्री चालले नाही की दुसऱ्या दिवशी दंडाचे हिशेब चुकतात. जे काढता येते ते साठवू नये. ‘राखीव_आहे’ मात्र अधिक फसवा आहे, कारण त्यात दोन वेगळे अर्थ लपलेले असतात: कोणीतरी या पुस्तकाची वाट पाहत आहे, हा एक, आणि ही विशिष्ट प्रत काउंटरवर अमुक सभासदासाठी बाजूला काढून ठेवली आहे, हा दुसरा. पहिला अर्थ प्रतीचा नसून ग्रंथाचा आहे, कारण वाट पाहणाऱ्याला पाचांपैकी कोणतीही प्रत चालते. म्हणून त्यासाठी प्रतीक्षायादीचे स्वतंत्र टेबल हवे. दुसरा अर्थ तेवढा प्रतीच्या स्थितीत येतो. माझ्या मते या कामातील निम्म्याहून अधिक लाभ या वर्गवारीतच असतो, आणि एनम लिहिणे हा त्यानंतरचा सोपा भाग आहे.

आता उरलेल्या स्थिती नावानिशी लिहाव्यात आणि प्रत्येकीसोबत तिलाच लागणारी माहिती ठेवावी:

स्थिती =
  फडताळात
  सभासदाकडे (सभासद, परतीची_तारीख)
  राखून_ठेवलेली (सभासद, केव्हापर्यंत)
  बांधणीत (पाठवल्याची_तारीख)
  गहाळ (नोंदीची_तारीख)
  बाद (कारण)

कंसांतील माहिती दुय्यम नाही. नुसता एनम ठेवून ‘सभासद’ आणि ‘परतीची_तारीख’ ही क्षेत्रे प्रतीच्या क्लासमध्येच मोकळी सोडली, तर फडताळातील प्रतीलाही सभासद चिकटून राहू शकतो, म्हणजे विसंगती एका दारातून घालवून दुसऱ्या दारातून आत घेतल्यासारखे होते. रस्ट आणि स्विफ्ट यांच्या एनममध्ये अशी माहिती थेट बसते, कॉटलिनमध्ये सील्ड क्लास वापरता येतात, जावामध्ये 2021 साली आलेल्या सतराव्या आवृत्तीपासून सील्ड क्लास स्थिर झाले आहेत, आणि टाइपस्क्रिप्टमध्ये प्रत्येक प्रकाराला ओळखखुणेचे एक क्षेत्र देऊन त्यांचा युनियन करता येतो. पायथॉनमध्ये प्रत्येक स्थितीसाठी छोटा, न बदलणारा डेटाक्लास लिहिला तरी काम भागते.

यानंतर स्थिती बदलण्याचा मार्ग बंदिस्त करावा. ‘स्थिती_ठेव’ असा खुला सेटर दिला तर फ्लॅगांच्या काळातील अराजक नव्या नावाने परत येते. त्याऐवजी काउंटरवर ज्या क्रिया खरोखर घडतात त्यांच्याच नावाच्या मेथड असाव्यात, आणि प्रत्येक मेथडने सध्याची स्थिती पाहून पुढची ठरवावी:

परत_घे:
  सभासदाकडे असेल तर → प्रतीक्षायादी रिकामी असल्यास फडताळात, नसल्यास राखून_ठेवलेली
  गहाळ असेल तर → वरीलप्रमाणेच
  अन्य कोणतीही स्थिती असेल तर → नकार, कारणासह

गहाळ प्रतीचा प्रसंग येथे आपोआप विचारात आला, याकडे लक्ष द्यावे. शेवटची ओळ समजण्यासाठी संक्षेपाने लिहिली आहे; प्रत्यक्ष कोडमध्ये उरलेल्या स्थितींची नावे एकेक करून लिहावीत आणि ‘अन्य सर्व’ अशी सरसकट शाखा टाळावी. उद्या वाचनालयाने गावोगावी पेट्या पाठवण्याचा उपक्रम सुरू केला आणि ‘फिरत्या_पेटीत’ ही नवी स्थिती आली, तर शाखा संपूर्ण आहेत की नाही हे तपासणारा कंपायलर, तिचा विचार न झालेले प्रत्येक ठिकाण दाखवून देतो. सरसकट शाखा असेल तर तो गप्प बसतो. पायथॉनमध्ये हे काम कंपायलर करत नसला तरी मायपाय किंवा पायराइट या प्रकार तपासणाऱ्या साधनांच्या साहाय्याने ते करून घेता येते.

प्रत्येक स्थितीसाठी वेगळा क्लास आणि त्यात सर्व क्रिया, हा ‘स्टेट पॅटर्न’ नावाने ओळखला जाणारा मार्ग अनेकांना पहिल्यांदा सुचतो. स्थितीगणिक वागणूक फार वेगळी असेल तर तो योग्य आहे. वाचनालयाच्या प्रतीसारख्या प्रकरणात मात्र सहा क्लास आणि आठ मेथड लिहून त्यांतील बहुतेकांत केवळ नकार द्यावा लागतो, आणि एक स्थित्यंतर समजून घेण्यासाठी तीन फायली उघडाव्या लागतात. असे असताना वरच्यासारखा एकाच जागी वाचता येणारा तक्ता मला अधिक प्रामाणिक वाटतो.

डेटाबेसमध्येही हाच नियम पाळावा लागतो, कारण तेथे कंपायलर पोहोचत नाही. स्थितीसाठी एकच कॉलम ठेवावा, तो रिकामा राहू देऊ नये, आणि ‘सभासदाकडे’ असेल तर सभासद क्रमांक आणि परतीची तारीख असलीच पाहिजे व फडताळात असेल तर ती नसलीच पाहिजेत, अशा अर्थाच्या चेक अटी घालाव्यात. मायएसक्यूएल वापरणाऱ्यांनी आवृत्ती पाहून घ्यावी, 8.0.16 च्या आधी तेथे चेक अटी लिहिता येत, परंतु त्या पाळल्या जात नसत. दोन काउंटरवरून एकाच क्षणी एकच प्रत दिली जाण्याचा धोकाही येथेच आवरता येतो. आधी स्थिती वाचून मग बदल करण्याऐवजी ‘दाखल क्रमांक अमुक आणि स्थिती फडताळात असेल तरच’ ही अट अपडेटच्या क्वेरीतच घालावी आणि किती ओळी बदलल्या ते पाहावे. शून्य आल्यास दुसऱ्या काउंटरने आधीच बाजी मारलेली असते.

स्थिती फक्त आत्ताचे सांगते. गहाळ होण्याआधी प्रत कोणाकडे होती, हा प्रश्न ग्रंथपाल हमखास विचारतात, आणि त्यासाठी देवघेवीची नोंदवही वेगळ्या टेबलात ठेवून तिच्यात स्थिती बदलणाऱ्या त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ओळ लिहावी.

सगळेच बुलियन काढून टाकावेत असे मात्र नाही. ‘संदर्भासाठीच’ हा गुण प्रत कोठेही असली तरी तिला लागू राहतो. संदर्भ विभागातील प्रत बांधणीलाही जाते आणि गहाळही होते. दोन्ही मूल्ये इतर सर्व स्थितींशी विसंगती न होता जुळत असतील, तर तो बुलियन तसाच राहू द्यावा.

चालू असलेल्या प्रोग्रॅममध्ये हा बदल करायचा असेल, तर पहिले पाऊल कोडमध्ये नव्हे, तर डेटामध्ये टाकावे. सर्व फ्लॅगांवर ग्रुप करून प्रत्येक संयोगाच्या किती प्रती आहेत, ते मोजावे. अर्थपूर्ण संयोगांना थेट नवी स्थिती देता येते. गहाळही आणि बांधणीतही असलेल्या प्रतींची यादी मात्र छापून ग्रंथपालांच्या हाती द्यावी, कारण त्यांचे उत्तर फडताळ पाहिल्याशिवाय मिळत नाही, आणि प्रोग्रॅमरने ते अंदाजाने ठरवू नये. त्यानंतर नवा कॉलम भरावा, सर्व लेखन नव्या मेथडींतून वळवावे आणि जुन्या फ्लॅगांना काही काळ केवळ वाचता येणारी, स्थितीवरून काढलेली मूल्ये म्हणून जिवंत ठेवावे, म्हणजे जुने अहवाल मोडत नाहीत. शोधयादी, दंडाची पावती आणि वार्षिक मोजणीचा अहवाल हे तिन्ही नव्या कॉलमवरून वाचू लागले आणि जुन्या फ्लॅगांना कोणतीच क्वेरी हात लावत नाही हे लॉगमधून दिसले, की ते कॉलम टेबलातून काढून टाकावेत.