विद्युतरोधक हत्यारे: निवड आणि निगा

पकडीच्या मुठीवर रबराचे किंवा प्लॅस्टिकचे आवरण दिसले म्हणजे ती विजेच्या कामासाठी सुरक्षित आहे, असे समजू नये. पुष्कळदा ते आवरण केवळ हाताला पकड मिळावी म्हणून चढवलेले असते. खरेदी करताना हत्यारावर दोन त्रिकोणांचे चिन्ह, १००० व्होल्ट ही मर्यादा आणि विद्युतरोधक हातहत्यारांसाठीच्या आयईसी ६०९०० या आंतरराष्ट्रीय मानकाचा उल्लेख आहे का, ते पाहावे. स्क्रू ड्रायव्हरचे आवरण मुठीपाशी न थांबता दांड्यावरून जवळजवळ टोकापर्यंत गेलेले असावे, कारण बोट घसरते ते नेमके तिथेच. काही हत्यारांवर दोन रंगांचे थर असतात. वरचा थर कापला जाऊन आतला रंग डोकावू लागला, की ते हत्यार बाद करावे. त्यावर चिकटपट्टी गुंडाळून काम भागवणे हा निव्वळ धोका आहे. वापरण्यापूर्वी आवरणावर चीर, फुगवटा किंवा रुतलेला धातूचा कीस नाही ना, हे उजेडात फिरवून पाहावे, तेलकटपणा सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसावा आणि हत्यार पूर्ण कोरडे करूनच उन्हापासून दूर, शक्यतो इतर हत्यारांपासून वेगळे ठेवावे. अर्थात, हत्यार कितीही चांगले असले तरी शक्य तेथे वीजपुरवठा बंद करूनच काम करावे.