जुन्या स्विस मल्लाची कारकीर्द कशी लिहावी

बडोद्यात जुम्मादादा व्यायाममंदिराची आणि प्राध्यापक माणिकराव यांची परंपरा असल्यामुळे येथील मराठी मंडळींना कुस्तीवर लिहावेसे वाटणे स्वाभाविक आहे. परदेशी मल्लावर लिहिताना मात्र बहुतेक लेख पदकांची यादी देऊन थांबतात. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या स्विस फ्रीस्टाइल (पायांनाही पकड घालता येते त्या कुस्तीतल्या) मल्लाची कारकीर्द लिहायची असेल, तर प्रत्येक कुस्ती कोणत्या नियमांनी आणि कशावर झाली, हे पदकाच्या आधी पाहावे.

सुरुवात सालांपासून करावी. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल होती, १९१२ साली स्टॉकहोमला केवळ ग्रीको-रोमन (फक्त कमरेच्या वर पकड घालायच्या) कुस्त्या झाल्या आणि १९१६ चे ऑलिंपिक महायुद्धामुळे रद्द झाले. म्हणून १९२० पूर्वी एखाद्याच्या नावावर फ्रीस्टाइलचे पदक दिसत नाही, एवढ्यावरून त्याला कमी लेखू नये. ऑलिंपिक तेव्हा हौशी खेळाडूंपुरतेच असल्यामुळे धंदेवाईक मल्ल तर या निकालांत सापडणारच नाहीत. १९१० साली लंडनमध्ये गामाचे बंधू इमाम बक्ष यांनी ज्याला हरवले, तो स्विस मल्ल जॉन लेम याच वर्गातला होता.

त्यानंतर वजनगट तपासावेत. स्विस मल्ल शार्ल कुरां याने लाइट हेवीवेट गटात १९२० साली अँटवर्पला रौप्य आणि १९२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवले. गटाचे नाव तेच राहिले, पण त्याची कमाल मर्यादा ८२.५ किलोंवरून ८७ किलोंवर गेली होती. हे न सांगता ‘कामगिरी घसरली’ असे लिहिणे त्या मल्लावर अन्याय करणारे आहे.

सर्वाधिक वेळ द्यावा तो मल्लाच्या मूळ आखाड्याला. अँटवर्पला हेवीवेटचे सुवर्णपदक जिंकणारा रॉबर्ट रोट हा श्विंगेन या स्विस देशी कुस्तीतलाही नामांकित मल्ल होता. ही कुस्ती लाकडाच्या भुशावर होते. दोघेही मल्ल रोजच्या कपड्यांवर जाड कापडाची आखूड विजार चढवतात, तिलाच पकड घालतात, आणि चितपट करताना विजेत्याची पकड त्या विजारीवर कायम असावी लागते. कुस्ती संपल्यावर विजेता हरलेल्याच्या पाठीवरचा भुसा झटकतो. मातीत जांघ्याला हात घालून डाव टाकणाऱ्या आपल्या मल्लांना ही पकड लगेच समजेल, आणि अशा पकडीवर वाढलेला माणूस जांघ्या-विजारीविना गादीवर कसा लढला असेल, हा प्रश्न माझ्या मते लेखाचा गाभा व्हावा. रोटने अंतिम लढतीत ज्याला हरवले, तो अमेरिकेचा नॅट पेंडलटन पुढे चित्रपट-अभिनेता झाल्यामुळे त्याच्याविषयी इंग्रजीत भरपूर मजकूर मिळतो. तेवढ्यावरच विसंबल्यास विजेत्याची कथा पराभूताच्या बाजूने लिहिली जाते. म्हणून जर्मन आणि फ्रेंच वृत्तपत्रेही चाळावीत.

मराठी वाचकाला जवळचा धागा हवा असल्यास रणधीर शिंदे आणि कुमार नवले हे मल्लही त्याच अँटवर्पमध्ये फ्रीस्टाइल लढले, याचा उल्लेख करावा. डावांच्या मराठी नावांसाठी बडोद्याच्याच द. चिं. मुजुमदार यांनी संपादित केलेला व्यायामज्ञानकोश हाताशी ठेवावा. मसुदा तयार झाला की तालमीतल्या वस्तादांना वाचून दाखवावा, आणि वर्णन ऐकून त्यांना एखादी पकड उमगली नाही, तर ती मूळ वृत्तांताशी पुन्हा ताडून पाहावी.