आवाज बसलाय, पण दुखणं घशातच आहे का?

पावसात भिजून बसलेला आवाज वाफ आणि विश्रांतीने आठवड्या-दोन आठवड्यांत सुटतो. 4 आठवडे उलटूनही सुटला नाही, तर स्वरतंतू हलवणारी नस (मज्जातंतू) दुखावली आहे का, ते पाहायला हवं. तंबाखू-विडीची सवय, मानेला गाठ किंवा थुंकीत रक्त असेल तर तेवढंही थांबू नका.

घरी एक करून बघा. खोल श्वास घेऊन 'आ' एका सुरात धरा आणि सेकंद मोजा. निरोगी मोठ्या माणसाला साधारण 15 जमतात. 10 च्या आतच हवा संपते, खोकल्यात जोर नाही, वर पाणी पिताना ठसका लागतो, असं असेल तर तंतू नीट मिटत नसावेत. खात्री मात्र दुर्बिणीनेच होते. ठाण्यात कळव्याच्या महापालिका रुग्णालयात किंवा नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. नाकातून बारीक नळी घालतात, काही मिनिटांचं काम.

एक तंतू हलत नाही असं दिसलं, की खरा शोध सुरू होतो. स्वरतंतू हलवणारी ही नस म्हणजे मेंदूतून खाली छाती-पोटाकडे जाणाऱ्या व्हेगस नसेची फांदी. उजवी गळ्याच्या बुडाशी धमनीला वळसा घालून वर येते, डावी मात्र छातीत उतरून महाधमनीच्या कमानीखालून फिरते. लांबचा रस्ता, म्हणून डावीच जास्त वेळा दुखावते. फुप्फुसाचा किंवा अन्ननलिकेचा कर्करोग, क्षयाने सुजलेल्या गाठी, फुगलेली महाधमनी, झडप आकसल्याने वाढलेला हृदयाचा डावा कप्पा, यांतलं काहीही तिला दाबू शकतं. (हृदयामुळे आवाज जातो हे ऑस्ट्रियन डॉक्टर ऑर्टनर यांनी 1897 मध्ये नोंदवलं.) गळ्यातली कारणं म्हणजे थायरॉइडचा कर्करोग, आणि थायरॉइडचं किंवा मानेच्या मणक्याचं पुढून केलेलं ऑपरेशन. भूल देताना घातलेल्या नळीनेही नस दबते. कधी विषाणू, कधी काहीच सापडत नाही.

इथेच चूक होते: फक्त मानेचा सीटी स्कॅन काढला जातो. ऑपरेशनसारखं उघड कारण नसेल तर कवटीच्या तळापासून महाधमनीच्या कमानीखालपर्यंतचा, शिरेतून औषध देऊन केलेला सीटी हवा. छातीचा साधा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निश्चिंत होऊ नका. जाताना आधीच्या ऑपरेशनची डिस्चार्ज समरी न्या आणि आवाज नेमका कुठल्या दिवशी बदलला ते लिहून ठेवा. भूल उतरल्यावर लगेच गेलेला आणि हळूहळू बसत गेलेला, यांची कारणं वेगळी निघतात.

नस नुसती ताणली-दबली असेल तर काही महिन्यांत सावरते. साधारण वर्षभर वाट पाहून मगच कायमचं ऑपरेशन ठरवतात. तोवर व्हॉइस थेरपी (आवाजाचे व्यायाम), ठसका फार असेल तर तंतू फुगवणारं इंजेक्शन. पाणी हनुवटी छातीकडे झुकवून, लहान घोटांनी प्या; पातळ द्रवच आधी श्वासनलिकेत घुसतो.

श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला तर दोन्ही तंतू अडकलेले असू शकतात. ओपीडीची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टी गाठा.